मांडवातले आणि मांडवाबाहेरचे

इंदूरजवळच्या पीथमपूरच्या एका कारखान्याच्या फाटकासमोर कामगार गेले तीन आठवडे मांडव घालून बसले आहेत. एक विभाग बंद करून तिथल्या कामगारांना कमी करण्याचा निर्णय व्यवस्थापनाने घेतला आहे. याच कारखान्याच्या टाइम ऑफिसात मी बावीस वर्षे हजेरी आणि पगाराचे काम केले, म्हणून गेल्या रविवारी इंदूरहून मुद्दाम जाऊन आलो. मांडवात बसलेले सगळे कायम कामगार होते. रस्त्यापलीकडे चहाच्या टपरीपाशी त्याच विभागातले ठेका कामगार उभे होते. त्यांचे गेट पास महिन्याभरापूर्वीच बंद झाले होते आणि मांडवात येऊन बसा, असे त्यांना कोणीही म्हटले नव्हते. त्यांच्यातला एक ओळखीचा मुलगा मला म्हणाला, "काका, यांचा हिशेब तरी होईल. आमचा कोण करणार?"

या प्रश्नाचे उत्तर त्याला उभ्या उभ्या देता आले नाही, म्हणून येथे सविस्तर लिहितो आहे.

औद्योगिक विवाद अधिनियम, १९४७ च्या कलम २५-फ नुसार वर्षभर, म्हणजे प्रत्यक्षात २४० दिवस, काम केलेल्या कामगाराला कमी करायचे तर एक महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार आणि सेवेच्या प्रत्येक पूर्ण वर्षामागे १५ दिवसांचा सरासरी पगार द्यावा लागत असे. त्याच्या पुढच्या कलमात शेवटी आला तो आधी जाईल, हा ज्येष्ठतेचा नियम होता, आणि पुन्हा भरती झाली तर कमी केलेल्यांना प्राधान्य होते. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्या कायद्याच्या जागी औद्योगिक संबंध संहिता लागू झाली, तरी या तरतुदींचा गाभा तिच्यात कायम आहे. बदलली ती सरकारी परवानगीची मर्यादा. कपातीपूर्वी सरकारची परवानगी घेण्याचे बंधन केंद्रीय कायद्यात १०० कामगारांच्या कारखान्यांपासून होते. काही राज्यांनी ते आधीच सैल केले होते, आणि आता देशभर ती मर्यादा ३०० झाली आहे. ठेकेदाराची माणसे कंपनीच्या मस्टरवर, म्हणजे हजेरीपटावर, नसल्यामुळे हा आकडा मोजताना ती सहसा धरलीच जात नाहीत. म्हणजे रोज फाटकातून चारशे माणसे आत जात असली, तरी कागदावर तो कारखाना दीडशेचा राहू शकतो.

ठेका कामगाराला कायद्याने काहीच दिलेले नाही, असे मात्र म्हणता येणार नाही. ठेकेदार हा त्याचा मालक, आणि २४० दिवस भरले की नुकसानभरपाईची जबाबदारी ठेकेदारावर येते. गोम अशी की दर वर्षा-दोन वर्षांनी ठेका बदलतो, पाटी बदलते, मुलगा मात्र त्याच यंत्रावर उभा असतो आणि त्याची सेवा कागदावर पहिल्या दिवसापासून पुन्हा सुरू होते. हे कागद मी स्वतः केलेले आहेत. एकाच शिफ्टमध्ये, एकाच यंत्राच्या दोन बाजूंना उभ्या असलेल्या दोघांची हजेरी मी दोन वेगळ्या रजिस्टरांत लिहीत असे. अठरा वर्षांच्या कायम कामगाराचा हिशेब मांडताना नऊ महिन्यांचा पगार आणि वर ग्रॅच्युइटी येते. त्याच्यासमोर अकरा वर्षे काम केलेल्याला शेवटच्या महिन्याचे दिवस मोजून पैसे मिळतात. तेव्हा मला यात काही वावगे दिसले नाही, कारण दोन्ही रजिस्टरे नियमाप्रमाणेच होती.

ठेका कामगारांविषयीच्या १९७० च्या कायद्याखालील केंद्रीय नियमांत ठेकेदाराच्या परवान्यासाठी एक अट होती: मुख्य मालकाच्या, म्हणजे ज्याच्या कारखान्यात काम चालते त्याच्या, कामगारासारखेच काम असेल, तर पगार आणि सेवाशर्तीही तशाच असल्या पाहिजेत. २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ‘पंजाब सरकार विरुद्ध जगजीतसिंग’ या खटल्यात तात्पुरत्या सरकारी कर्मचाऱ्यांना समान कामासाठी समान वेतनाचा हक्क असल्याचे सांगितले. उलट त्याच न्यायालयाच्या २००१ च्या स्टील अथॉरिटी खटल्यातल्या निकालाने हे स्पष्ट केले होते की ठेका पद्धतीवर बंदी आली तरी ठेका कामगार आपोआप कायम होत नाही. ठेका केवळ दिखाऊ होता, हे त्याला सिद्ध करावे लागते. ते सिद्ध करायला लागणारा कागद बहुतेक वेळा त्याच्याजवळ नसतो. एक गोष्ट मात्र असते, ती म्हणजे भविष्यनिर्वाह निधीचे पासबुक. निधीच्या खात्याचा यूएएन क्रमांक नोकरी बदलली तरी एकच राहतो, ठेकेदारांची नावे बदलत जातात आणि महिन्यांमागून महिने खंड न पडता दिसतात. टपरीपाशी उभ्या असलेल्या प्रत्येकाला मी हेच सांगितले, की मोबाईलवर भरवसा न ठेवता पासबुक आजच छापून घ्या आणि जुने गेट पास फेकू नका.

इंदूरच्या माणसाला फाटकावरचे बसणे नवीन नाही. इथली हुकुमचंद कापड मिल १२ डिसेंबर १९९१ रोजी बंद पडली. उच्च न्यायालयाने २००७ मध्ये कामगारांची देणी २२९ कोटी रुपये ठरवली आणि २२४ कोटींचा धनादेश दिला गेला तो २५ डिसेंबर २०२३ रोजी, बत्तीस वर्षांनी. तोवर त्यांतले कितीतरी जण हयात नव्हते. तरीही ती माणसे दर रविवारी फाटकावर जमत राहिली, म्हणूनच दावा जिवंत राहिला. माझे वडीलही शहरातल्या एका मिलमध्ये होते, आणि पहिली सात वर्षे बदली कामगार म्हणून. सकाळी डबा घेऊन फाटकावर उभे राहायचे आणि कोणी गैरहजर असेल तरच आत जायचे. पण बदली कामगाराचे कार्ड मिलचे असे, त्याचे नाव मिलच्या यादीत असे आणि संपात तो कायम कामगारांच्या शेजारी बसे. आजच्या ठेका कामगाराला एवढेही उरलेले नाही.

म्हणून मांडवातल्या मंडळींशी मी रविवारी वाद घातला आणि तो घातल्याचा मला खेद नाही. त्यांचे म्हणणे असे, की ठेकेदारीची माणसे सोबत घेतली तर आपली मागणी कमजोर होईल, आधी आपले पदरात पाडून घेऊ. माझ्या मते हे चूक आहे. त्या विभागातले ठेका कामगार महिन्यापूर्वी निमूटपणे बाहेर काढले गेले आणि कोणी चकार शब्द काढला नाही, म्हणूनच विभाग बंद करणे सोपे झाले. शिवाय जागा पुन्हा भरल्या जातील त्या ठरावीक मुदतीच्या नेमणुकीने किंवा ठेक्यानेच. मुदतीच्या कामगाराला नव्या संहितेत एका वर्षानंतर ग्रॅच्युइटी मिळते, हे चांगलेच आहे. पण मुदत संपून तो गेला तर कायद्याच्या भाषेत ती कपातच ठरत नाही. म्हणजे ज्येष्ठतेची यादी नाही, १५ दिवसांचा हिशेब नाही आणि परत बोलावण्याचे प्राधान्यही नाही. आज मांडवात बसलेल्यांची मुले नेमकी याच नेमणुकांवर लागणार आहेत.

सोमवारी युनियनचे प्रतिनिधी मालक-कामगारांच्या तंट्यात मध्यस्थी करणाऱ्या सरकारी समझोता अधिकाऱ्यांसमोर जाणार आहेत. त्यांच्या मागणीपत्रात चार मागण्या आहेत. पाचवी मी हाताने लिहून दिली आहे: या विभागात सलग २४० दिवस काम केलेल्या प्रत्येक ठेका कामगाराची सेवा ठेकेदार बदलला तरी अखंड धरावी, आणि त्याची नुकसानभरपाई ठेकेदाराने न दिल्यास मुख्य मालकाने द्यावी. कार्यकारिणी शनिवारी त्यावर निर्णय घेणार आहे. त्यातले काही जण ही पोस्ट वाचतील, हे मला ठाऊक आहे. मस्टर मी लिहिलेले आहे, कोणत्या यंत्रावर कोण किती वर्षे होता हे मला आठवते, आणि गरज पडल्यास अधिकाऱ्यांसमोर तसे लेखी द्यायला मी येईन.