लसणाचा काढा, मध आणि शुगरवाल्यांचे ब्लॉकेज

परत आला तो मेसेज. यावेळी माहेरच्या ग्रुपवर, खाली तीन जणांचे हात जोडलेले इमोजी. ज्यांना आला नसेल त्यांच्यासाठी सांगते: लिंबू, आलं, लसूण यांचा एकेक कप रस, एक कप अ‍ॅपल सायडर व्हिनेगर, मंद आचेवर आटवून चाराचे तीन कप करायचे, गार झालं की तीन कप मध घालायचा, रोज सकाळी उपाशीपोटी तीन मोठे चमचे. म्हणे सगळे ब्लॉकेज उघडतात, बायपास कॅन्सल, गोळ्याही बंद, आणि डायबेटिसवाल्यांनाही चालतं. या शेवटच्यामुळे लिहायला बसले, कारण आमच्या ग्रुपमधले निम्मे शुगरवाले आहेत.

तर आधी "डायबेटिसला चालतं" हेच घेऊ. तीन कप रस, तीन कप मध, म्हणजे अर्धी बाटली मधच की! तीन मोठे चमचे म्हणजे 45 मिली, त्यात 22 मिली मध, तो पाण्यापेक्षा जड म्हणून वजन 30 ग्रॅमच्या आसपास आणि त्यातली साखर साधारण 24 ग्रॅम. चहाचे सहा चमचे साखर झाली, तीही उपाशीपोटी. चहात अर्धा चमचा जास्त पडला तर मामीवर ओरडणारे आमचे मामा हे महिनाभर नेमाने घेत होते. मध नैसर्गिक आहे हो, पण त्यातलं ग्लुकोज मधमाशीने दिलं की कारखान्याने, हे रक्ताला कळत नाही. गुळाचंही तेच.

मग ते "नसा साफ होतात". मोरीच्या पाइपात कचरा अडकावा तसं डोक्यात असतं लोकांच्या, ड्रेनेज क्लीनर ओतला की मोकळं. पण ब्लॉकेज आतून चिकटलेलं नसतंच, ते रक्तवाहिनीच्या भिंतीत असतं. कोलेस्टेरॉल अस्तराखाली शिरतं, पांढऱ्या पेशी ते गिळून फुगतात, वर जाड साल धरते, पुढे कॅल्शियमही बसतं. पोटात गेलेलं आंबट तिथे जाऊन हे विरघळवत नाही. आणि शुगर सतत वाढलेली असली की आधी ते अस्तरच बिघडतं, वाहिनी सैल करणारं नायट्रिक ऑक्साइड कमी पडतं, हे हृदयातच नाही तर पाय, किडनी, डोळे सगळीकडे चालू असतं. मग रोज सकाळी शुगर उसळवून नसा सुधारणार कशा?

लसणावर माझा राग नाही. बीपी आणि कोलेस्टेरॉल थोडंफार कमी होतं असं अभ्यासांत दिसलंय, पण थोडंफारच, आणि त्यातलं अ‍ॅलिसिन, म्हणजे लसणातलं कामाचं द्रव्य, उकळल्यावर टिकत नाही. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर रोज एवढा लसूण घ्यायच्या आधी डॉक्टरांना विचाराच. व्हिनेगरने जेवणानंतरची शुगर जराशी कमी चढते हेही खरं, फक्त सोबत तिप्पट मध ढोसल्यावर काय उरलं.

"गोळ्या बंद करा", खरा धोका इथे आहे. 2004 साली ब्रिटन-आयर्लंडमधल्या कार्ड्स नावाच्या अभ्यासाचे निकाल आले, टाइप 2 मधुमेहाचे 2,838 लोक, कोलेस्टेरॉल फार वाढलेलं नसलेले, निम्म्यांना रोज 10 मिलीग्रॅम अ‍ॅटोर्व्हास्टॅटिन (कोलेस्टेरॉल कमी करणारी गोळी), बाकीच्यांना नकली गोळी. खऱ्या गोळीवाल्यांत हार्ट अटॅक, स्ट्रोक वगैरे 37 टक्क्यांनी कमी, फरक इतका स्पष्ट की अभ्यास ठरल्यापेक्षा लवकर थांबवला. मामांनी नेमकी हीच गोळी सोडली होती. वर म्हणतात छातीत दुखत नाही म्हणजे उघडलं असणार. अहो, जुन्या मधुमेहात संवेदनाच बोथट होतात, अटॅक येऊन जातो तरी दुखत नाही कित्येकांना.

आहाराने काहीच होत नाही असंही नाही हं. स्पेनमध्ये प्रेडिमेड म्हणून मोठा अभ्यास झाला, त्यातल्या जवळपास निम्म्यांना मधुमेह होता, ऑलिव्ह ऑइल किंवा सुकामेवा घातलेल्या आहाराने हृदयविकार-स्ट्रोक साधारण 30 टक्क्यांनी कमी झाले. पण तो वर्षानुवर्षांचा रोजचा आहार होता, सकाळचे तीन चमचे नव्हते. आपल्याकडे बघायचं तर उसळी, पालेभाज्या, मूठभर दाणे, भाकरी मोजून, पापड-लोणचं कमी. हे कोणी फॉरवर्ड करत नाही.

ज्यांनी आज सकाळीही घेतलाच असेल त्यांनी उद्या घ्यायच्या आधी ग्लुकोमीटरवर एकदा टोचून बघा, तासाभराने परत. आणि ते दोन्ही आकडे ग्रुपवर टाका, त्या हात जोडलेल्या इमोजींच्या खाली.