तुमच्या तिकडे चालत असेल

आमच्या नर्सिंगच्या बॅचचा एक व्हॉट्सअ‍ॅप गट आहे. गेल्या महिन्यात त्यातल्या एका मैत्रिणीने, जी आता हृदयरोग विभागाची इन्चार्ज सिस्टर आहे, एक साधा प्रश्न टाकला: हार्ट अटॅक येऊन गेलेल्या रुग्णाला घरी सोडताना, शरीरसंबंध पुन्हा केव्हा सुरू करता येतील हे सिस्टरने सांगावे का? दोन दिवस वाद चालला. हे काम डॉक्टरांचे आहे, रुग्णाने विचारलेच तर पाहू, तरुण सिस्टर पुरुष रुग्णाशी असे बोलली तर ते तिच्याच अंगाशी येईल, अशी उत्तरे आली. मी अकरा वर्षे इंग्लंडमध्ये कार्डियाक रिहॅबचे, म्हणजे हृदयविकारानंतर रुग्णाला पुन्हा हिंडते-फिरते करण्याचे, काम करते, म्हणून मी सविस्तर लिहिले. त्यावर एकीचे एकच वाक्य आले: ‘तुमच्या तिकडे चालत असेल.’ ते वाक्य अजून माझ्या मनातून जात नाही.

मुळात ते खरे नाही. अमेरिका आणि स्पेनमधल्या ५५ वर्षांपर्यंतच्या रुग्णांचा एक मोठा अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. अटॅकनंतरच्या पहिल्या महिन्यात या विषयावर डॉक्टरांशी बोलणे झालेल्या स्त्रिया त्यात जेमतेम १२ टक्के होत्या आणि पुरुष १९ टक्के. ज्यांना सल्ला मिळाला, त्यांच्यातल्याही बहुतेकांना संबंध कमी ठेवा, ठोके वाढू देऊ नका, अशी बंधनेच सांगितली गेली होती. त्याआधी २०१३ मध्ये अमेरिकन हार्ट असोसिएशन आणि युरोपियन सोसायटी ऑफ कार्डिओलॉजीच्या नर्सिंग विभागाने मिळून, रुग्ण आणि त्याच्या जोडीदाराशी याविषयी कसे बोलावे, याचे एकत्रित निवेदन काढले होते. तिकडे हे आपोआप चालत असते, तर ते लिहावे लागले नसते. इथल्या नर्सही लाजतात. माझ्या पहिल्या वर्षी आमच्या बँड ७, म्हणजे वरिष्ठ श्रेणीच्या, बाईंनी मला सांगितले होते की हा प्रश्न गाडी केव्हा चालवायची आणि कामावर केव्हा जायचे या दोन प्रश्नांच्या मधे घालायचा, म्हणजे तोंडातून निघून जातो. मी आजही तसेच करते.

आणि सांगायचे असते ते तरी किती? समागमाचा हृदयावर पडणारा भार साधारण ३ ते ५ मेट्स (एक मेट म्हणजे स्वस्थ बसलेल्या शरीराला लागणारी ऊर्जा), म्हणजे भराभर चालण्याइतका किंवा दोन जिने चढण्याइतका असतो. आमच्या जिममध्ये शटल वॉकच्या वेळी शंकूंच्या मधून बीपच्या तालावर चालणारा रुग्ण छातीत न दुखता आणि फारशी धाप न लागता तेवढी पातळी गाठतो, तेव्हा त्याच्या प्रश्नाचे बरेचसे उत्तर मिळालेले असते. गुंतागुंत नसेल तर बहुतेकांना आम्ही चार ते सहा आठवडे सांगतो. अटॅकच्या कारणांत समागमाचा वाटा एक टक्क्याहूनही कमी आहे, हे १९९६ मध्येच छापून आले आहे. मात्र जिभेखाली नायट्रेटची गोळी किंवा फवारा वापरणाऱ्याने सिल्डेनाफिलसारखी (म्हणजे व्हायग्रासारखी) गोळी घेता कामा नये, कारण दोन्हींमुळे रक्तदाब एकदम कोसळू शकतो. हे सांगायला संकोच वाटला म्हणून सांगितले नाही, असे म्हणण्याची सोय कोणत्याही देशातल्या सिस्टरला नाही. दुसरा धोका गप्प बसण्यातून येतो. हृदयाचे ठोके मंदावणाऱ्या बीटा ब्लॉकर गोळीमुळे आपली ताकद गेली असे रुग्ण ठरवतो, कोणाला विचारत नाही आणि गोळी परस्पर बंद करतो.

‘अंगाशी येईल’ ही भीती मात्र मी खोटी म्हणणार नाही. दार लावता येईल अशी खोली मला मिळते. खुल्या वॉर्डात, एका सिस्टरकडे कितीतरी खाटा आणि प्रत्येक खाटेशेजारी नातेवाईक उभे असताना हा विषय काढणे वेगळे, हे गटावर लिहिताना मी सोयीस्करपणे विसरले. तरीही पहिली पायरी तिथेही चढता येते. मानसशास्त्रज्ञ जॅक अ‍ॅनन यांनी १९७६ मध्ये मांडलेल्या पद्धतीत सुरुवात परवानगीपासून होते: ‘बऱ्याच जणांना या दुखण्यानंतर नवरा-बायकोच्या संबंधांविषयी शंका असते, तुम्हाला काही विचारायचे आहे का?’ रुग्ण नाही म्हणाला तर विषय तिथेच संपतो, पण हे विचारता येते एवढे त्याला कळलेले असते.

हे सगळे मी गटावर ठसक्यात लिहिले. एक गोष्ट लिहिली नाही.

काही वर्षांपूर्वी आमच्या रिहॅबला एक मराठी गृहस्थ आले, सोबत पत्नी. माझे नाव वाचून दोघांचे चेहरे उजळले आणि पहिल्या पाच मिनिटांत ते काका झाले आणि त्या काकू. गोळ्या, व्यायाम, गाडी, सगळे मी मराठीत समजावले. मग तो प्रश्न आला आणि मी काही न ठरवता इंग्रजीत बोलू लागले. इंग्रजीत मी कोणाची पुतणी नसते. काकांनी खाली पाहत मान डोलावली. काकूंना इंग्रजी फारसे येत नव्हते, त्या माझ्या तोंडाकडे पाहत राहिल्या, आणि काकांनी त्यांना काहीही सांगितले नाही. मी कागदावर खूण केली: चर्चा झाली.

सहाव्या आठवड्यात काका सायकलवर असताना काकू माझ्या टेबलाशी आल्या. पर्सचा पट्टा दोन्ही हातांनी धरून, हळू आवाजात म्हणाल्या, ‘हे घरी आल्यापासून खालच्या खोलीत सोफ्यावर झोपतात. मला काही बोलत नाहीत. तसं करायला तुम्हीच सांगितलंय का?’

माझ्याकडे शब्द नव्हते. ‘लैंगिक’ म्हटले तर पुस्तकातला धडा वाटतो, ‘संभोग’ माझ्या तोंडून कधी निघालेला नाही, आणि घरी ज्या शब्दांत बायका हे आपसांत बोलत, ते ऐकण्याच्या वयात मी विमानात बसले. शेवटी मी विचारले, ‘काकू, ते जिना चढतात तेव्हा धाप लागते का हो?’ त्या म्हणाल्या, ‘नाही. दिवसातून दहा वेळा वर येतात, कपडे घ्यायला.’ ‘मग रात्री वर येऊन झोपायलाही हरकत नाही,’ मी म्हणाले, ‘आणि जवळ यायलाही नाही. आधी मीच तुम्हाला हे मराठीत सांगायला हवे होते.’

‘तुमच्या तिकडे’ या शब्दांनी मला लागले ते म्हणूनच. काकूंसमोर मला कोणतीच बाजू ‘तिकडे’ म्हणता आली नव्हती. गटावर अजून वाद मिटलेला नाही. इन्चार्ज मैत्रिणीला डिस्चार्ज कार्डावर दोन ओळी हव्या आहेत. मी चार मसुदे पाठवले, चारही तिने परत केले, कारण तिच्या मते ते भाषांतर वाटतात. पाचवा आज रात्री लिहीन, आणि या वेळी दोन जिन्यांपासून सुरुवात करीन.