आई ‘गोज’, बाबा ‘गो’: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार सर,

‘ही, शी, इट आलं की क्रियापदाला एस, एवढं पाठ करून घ्या, त्यात मराठी घुसडून मुलांचा गोंधळ वाढवू नका,’ असं तुम्ही, इंग्रजी क्रियापदांच्या एकवचन-अनेकवचनाबद्दल मी लिहिलेलं वाचून, कळवलंत. शिवाय ‘नन ऑफ देम आर’ मी बरोबर ठरवलं यावर तुमचा राग आहे. तिसरी चूक दाखवलीत ती मात्र खरंच माझी. ‘अ नंबर ऑफ स्टुडंट्स’च्या पुढे मी ‘इज’ लिहिलं, तिथे ‘आर’च हवं. ‘द नंबर ऑफ स्टुडंट्स’ असतं तर ‘इज’, कारण तेव्हा आपण आकड्याबद्दल बोलतो. लक्ष नव्हतं, दुसरं कारण नाही.

आता पाठांतर. तो नियम माझ्या शिकवणीतली मुलं झोपेतून उठवलं तरी म्हणतात. तरी सहावीतल्या एकाच्या वहीत ही दोन वाक्यं एकाखाली एक होती: ‘माय मदर गोज टु मार्केट. माय फादर गो टु ऑफिस.’ नियम येत नसता तर दोन्हीकडे चुकला असता ना? विचारलं, घरी काय म्हणतोस? ‘आई जाते, बाबा जातात.’ झालं! बाबांचं आदरार्थी अनेकवचन त्याने इमानदारीत इंग्रजीत नेलं होतं. एस लाव म्हटल्यावर त्याचा चेहरा पडला. ‘म्हणजे इंग्रजीत बाबांना अरे-तुरे करायचं?’

या प्रश्नाला तुमच्या नियमात उत्तर नाही, सर. इंग्रजीच्या इतिहासात आहे. ‘यू’ मुळात अनेकवचनी. एकट्या माणसाला ‘दाऊ’ म्हणत. मग मान द्यायला एकालाही ‘यू’ म्हणू लागले, आणि हळूहळू रोजच्या बोलण्यातून ‘दाऊ’ जवळपास हद्दपार झालं. म्हणून समोर एकटा बंड्या उभा असला तरी ‘यू आर’. थोडक्यात, तोंडावर सगळ्यांना अहो-जाहो, माघारी सगळ्यांना अरे-तुरे. हे ऐकून पोरगं खूश झालं आणि त्याने ‘गो’चं ‘गोज’ केलं.

बाकीच्या चुकाही अशाच मराठीतून येतात. आपले केस वाढतात, म्हणून ‘माय हेअर्स आर लाँग’. आपली कात्री एकच, म्हणून ‘व्हेअर इज द सिझर्स’. त्यात तो एस नामाला लागला की बहुतेकदा अनेकवचन आणि क्रियापदाला लागला की एकवचन! मराठी मी घुसडत नाही, ती मुलांच्या डोक्यात आधीपासून बसलेली असते.

‘नन’बद्दल मात्र माघार नाही. ‘नन म्हणजे नॉट वन, म्हणून एकवचनच’ हे ऐकायला पटतं, पण इंग्रजी लिहिणारे फार जुन्या काळापासून त्याच्यापुढे दोन्ही वचनं वापरत आलेत. ‘नन ऑफ द मिल्क’ असेल तर ‘इज’च, कारण दूध एक, दोन असं मोजत नाहीत. ‘नन ऑफ देम’ला दोन्ही चालतं. तपासनीस तुमच्या मताचा निघाला तर हकनाक मार्क जायचे, म्हणून दहावीच्या मुलांना मी ‘इज’ लिहायला सांगते. पण कुणी ‘आर’ लिहिलं तर माझं लाल पेन तिथे उठणार नाही.

‘अ नंबर’ची ओळ दुरुस्त केली आहे. तुमच्या वर्गात ‘माय फादर गो’ कधीच आलं नाही का, हे मात्र जरूर कळवा.