नवऱ्याला नाही म्हणता येत नसेल तर

एचआयव्हीच्या जनजागृतीत आपण वर्षानुवर्षे दोन गोष्टी सांगत आलो: जोडीदाराशी एकनिष्ठ राहा आणि निरोध वापरा. सोलापूरच्या पूर्व भागात विड्या वळणाऱ्या एखाद्या बाईला हा सल्ला देऊन पाहावा. एकनिष्ठ ती आहेच आणि निरोधाचा निर्णय तिच्या हातात नाही. ‘वापरा म्हटलं तर मलाच विचारतील, तुझं बाहेर काय चाललंय,’ असे एक बाई पाने कातरता कातरता मला म्हणाली. शेजारच्या दोघी हसल्या, पण तिचे म्हणणे कोणी खोडून काढले नाही.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २००५-०६ मधील माहितीवर आधारलेले एक संशोधन २००८ मध्ये प्रसिद्ध झाले. नवऱ्याची मारहाण आणि लैंगिक जबरदस्ती हे दोन्ही सोसणाऱ्या विवाहित स्त्रियांमध्ये एचआयव्हीचे प्रमाण, असा छळ वाट्याला न आलेल्या स्त्रियांच्या सुमारे चौपट असल्याचे त्यात दिसले. जबरदस्तीत शरीराला इजा होऊन विषाणूला वाट मिळते, हे त्याचे एक कारण. दुसरे असे की बायकोवर हात टाकणाऱ्या पुरुषांचे बाहेर संबंध असण्याची शक्यताही अधिक असते.

त्यानंतर दोषाचे खापर फुटते तेही तिच्याच डोक्यावर. गरोदरपणात बाईची तपासणी आधी होते, म्हणून तिचा अहवाल आधी येतो आणि घरात ‘रोग आणणारी’ तीच ठरते. नवरा दगावला तर ती पांढऱ्या पायाची. त्याने तपासणी केली होती का, हा प्रश्न सासरी कोणी विचारल्याचे माझ्या ऐकिवात नाही.

याबाबतीत आपले कायदे एकमेकांशी बोलत नाहीत. एचआयव्हीविषयीचा २०१७ चा कायदा मान्य करतो की, संसर्ग झाल्याचे जोडीदाराला कळले तर बाईला मारहाण होऊ शकते किंवा घराबाहेर काढले जाऊ शकते, आणि अशी भीती असेल तेव्हा कळवण्याचे बंधन तो शिथिल करतो. २००५ चा कौटुंबिक हिंसाचाराचा कायदाही लैंगिक छळाला हिंसाच मानतो. मात्र १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ६३ मध्ये, अठरा वर्षांवरील पत्नीशी पतीने केलेली जबरदस्ती बलात्काराच्या व्याख्येबाहेरच ठेवली आहे. जुन्या दंडसंहितेतही असलेला हा अपवाद काढून टाका, असे दिल्लीतील सामूहिक बलात्कारानंतर नेमलेल्या वर्मा समितीने २०१३ मध्येच सुचवले होते. लग्नसंस्था मोडेल, हा त्यावरचा आक्षेप मला पटत नाही. नवऱ्याकडे नांदायला जाण्यापेक्षा तुरुंगात जाईन, असे बालपणी लावलेले लग्न नाकारणाऱ्या रखमाबाईंनी १८८७ मध्ये ठणकावले तेव्हाही हीच ओरड झाली होती.

कायदा बदलेल तेव्हा बदलेल, तोवर दवाखान्यात काही गोष्टी करता येतील. गरोदर बाईचे नाव नोंदवतानाच नवऱ्यालाही बोलावून, त्याच्या संमतीने, त्याची तपासणी करावी. जबरदस्ती होते का, हे समुपदेशकाने तिला एकटीला विचारावे. सासूला त्या वेळी बाहेर बसवावे. आणि संसर्गाची शंका असलेल्या संबंधानंतर ७२ तासांच्या आत सुरू करायची प्रतिबंधक औषधे असतात, हे विवाहित बाईलाही सांगावे, कारण आज ती माहिती तिच्यापर्यंत क्वचितच पोहोचते.