खड्डा खणायला सगळे, पाणी घालायला कोण?

2020 साली 25 मार्चला, ऐन गुढीपाडव्याला कोरोनाचा लॉकडाऊन लागला आणि कोकणातल्या घराघरांत परड्याची, म्हणजे घरामागच्या बागेची, हौस उफाळून आली. मुंबईहून आलेले चाकरमानी चौदा दिवसांचं क्वारंटाईन संपवून बाहेर पडायचे ते थेट कुदळ घेऊनच. चांगलं होतं, फोटोही झकास यायचे. पण खड्डा खणणं, वाफे बांधणं, वई (कुंपण) घालणं ही सगळी एकदाची कामं. परडं जगतं ते रोजच्या कामावर, आणि ते तेव्हाही त्याच बाईच्या गळ्यात होतं, जिला दिवसभर घरात असलेल्या सगळ्यांचा चहा, नाश्ता, दोन वेळचं जेवणही बघायचं होतं. वाटणी करायची तर रोजच्या कामाची करा.

पाचोळ्याचंच घ्या. आंब्या-फणसाचा ढीगभर पाला झाडून पेटवून द्यायची आपल्याकडे खोडच आहे. निदान खोकल्याची साथ असताना तरी धूर करू नका. तीन फूट लांब-रुंद आणि तितक्याच उंचीचा ढीग रचा, याहून लहान ढीग आत तापत नाही. आंब्या-फणसाची पानं जाड आणि तुळतुळीत, तशीच टाकली तर एकमेकांना चिकटतात आणि पाणी वरच्या वर ओघळून जातं. म्हणून कोयत्याने चेचून किंवा पायाखाली तुडवून घ्या. तीन घमेली पाला, एक घमेलं स्वयंपाकघरातला ओला कचरा, वर थोडा शेणकाला आणि मूठभर माती, असे थर. मधली मूठभर कुजण पिळून पाहा. एखाददुसरा थेंब आला तर ठीक. धार लागली तर घाण वास सुटणार, मग सुका पाला वाढवा. मुंग्या झाल्या म्हणजे सुकलंय, पाणी मारा.

इथवर सगळे हौसेने करतात. दर आठ दिवसांनी ढीग वर-खाली करायची वेळ आली की मात्र सगळ्यांना फोन येतात! तेच खरं काम आहे, ते घरातल्या धडधाकट माणसाच्या नावावर लिहून टाका. फक्त दाताळ्याने करा, हात घालू नका. पाल्यात विंचू असतो, फुरसं असतं, आणि रात्री-अपरात्री गाडी मिळवून दवाखाना गाठणं किती कठीण आहे ते सांगायला नको.

नारळाला पाणी हे दुसरं रोजचं काम. बुंध्याशी पाइप टाकून गप्पा मारत बसणं म्हणजे शिंपणं नव्हे. बुंध्यापासून पाच-सहा फुटांपर्यंत गोल, अर्धा फूट खोल आळं हवं, कारण पाणी ओढणारी मुळं त्या पट्ट्यात असतात. मोठ्या झाडाला चार दिवसांतून एकदा 200 लिटरच्या आसपास पाणी लागतं, म्हणजे झाडांचे चार गट पाडले की रोज एक पाळी येते. आळ्यात सोडणं (नारळाची जाड सालं) पुरायची असतील तर पोकळ बाजू वर ठेवा, ओल धरून राहते. वर नुसती पसरायची असतील तर पोकळ बाजू खाली, नाहीतर पहिल्या पावसात प्रत्येक सोडणात पाणी साचून डासांची पैदास होते.

वाफ्यांचं पाणी मुलांकडे द्या, पण झारीने. पाइपच्या धारेने बी वाहून एका कोपऱ्यात गोळा होतं आणि मग ‘बी खराब निघालं’ म्हणून ओरड. लॉकडाऊनमध्ये रोपवाटिका बंद होत्या, तेव्हा डब्यातले धणे भरडून पेरायचा मोह व्हायचा. पण ऐन उन्हाळ्यात कोथिंबीर धड उगवत नाही, उगवली तरी लगेच फुलावर जाते. त्यापेक्षा लाल माठ पेरा, बी बारीक असतं म्हणून वाळूत मिसळून. महिन्याभरात भाजी हाताशी येते. पडवळ, दोडकी, काकडी पहिल्या पावसानंतर. त्यांचा मांडव मात्र आधीच उभा करा, वेल चढायला लागल्यावर खांब ठोकायला गेलात की मुळं दुखावतात.

राहता राहिलं झाडणं. रोज सकाळी खराटा कोणाच्या हातात असतो ते तुमच्या घरात तुम्हीच बघा. आठवड्याचे वार आणि नावं कागदावर लिहून तो मागच्या दाराला चिकटवा, आणि त्यात घरच्या बाईचं नाव नसलं तरी चालेल. ‘मला सांगितलं असतं तर केलं असतं’ हे वाक्य त्या कागदाने बंद होतं.

पाऊस तीन आठवड्यांवर आला की आणखी दोन कामं. पन्हळी साफ करून घ्या आणि सरपण पडवीत आणा. रचताना खाली दोन आडवी लाकडं टाका, भिंतीपासून वीतभर अंतर सोडा. भिंतीला टेकवून रचलं की श्रावणापर्यंत वाळवी घराच्या वाशांपर्यंत पोचते.