प्रतिक्रियेला उत्तर : जड गेम वेगळा, ढिसाळ गेम वेगळा

नमस्कार. मध्यम कॉम्प्युटरवर नवे गेम का अडखळतात, या माझ्या लेखावर तुम्ही लिहिलंत : 'जुन्या ग्राफिक्स कार्डावर नवा गेम लावायचा आणि दोष डेव्हलपरला द्यायचा, हे बरोबर नाही. सेटिंग कमी करा, नाहीतर कार्ड बदला. माझ्याकडे सरासरी साठ एफपीएस मिळतात.' (एफपीएस म्हणजे दर सेकंदाला दिसणाऱ्या फ्रेम, म्हणजे चित्रं.)

यातलं काही मला मान्य आहे. 'ॲलन वेक २' (२०२३) मेश शेडर या चित्र रेखाटण्याच्या नव्या पद्धतीवर बांधलेला आहे आणि २०१६च्या जीटीएक्स १०६० या कार्डात ती सोयच नाही. तिथे डेव्हलपरवर रागावण्यात अर्थ नाही. तो गेम जड आहे, आणि जड असण्याचा त्याला हक्क आहे. माझी तक्रार ढिसाळपणाची आहे, आणि त्यावर सेटिंग कमी करून भागत नाही.

शेडरचंच बघा. दृश्य कसं रंगवायचं हे कार्डाला सांगणारे हे छोटे प्रोग्राम. प्लेस्टेशनसारख्या कन्सोलचं हार्डवेअर ठरलेलं असतं, म्हणून शेडर आधीच तयार करून देता येतात. पीसीवर प्रत्येकाचं कार्ड वेगळं, ड्रायव्हर वेगळा. त्यामुळे ते काम आपल्याच मशीनवर होतं. गेम सुरू होतानाच उरकलं तर थोडं थांबावं लागतं, बस. पण ऐन मारामारीत नवा इफेक्ट आला आणि तेव्हा त्याच्या शेडरचं कम्पायलिंग, म्हणजे ते कार्डाला कळेल असं तयार करणं, सुरू झालं, की चित्र थबकतं. साठ एफपीएसला एका फ्रेमच्या वाट्याला साधारण १६.७ मिलिसेकंद येतात. एक फ्रेम १०० मिलिसेकंद अडकली, तरी त्या सेकंदात ५५ फ्रेम दिसतातच. म्हणून तुमचा सरासरीचा आकडा खरा असूनही मला पटत नाही. टेक्स्चर 'लो'वर नेलं तरी हा झटका जात नाही, कारण काम अडलेलं असतं प्रोसेसरवर.

जीटीए ऑनलाइनचं उदाहरण तर मी कुणालाही सांगेन. २०२१मध्ये एका खेळाडूने शोधून काढलं, की लोडिंग रेंगाळतं ते दहा एमबीच्या एका यादीमुळे. ती वाचताना प्रत्येक नोंदीला उरलेल्या मजकुराची लांबी पुन्हा पुन्हा मोजली जात होती. त्याने दुरुस्ती करून पाहिली आणि त्याच्या जुन्या एफएक्स ८३५० प्रोसेसरवर सहा मिनिटांचं लोडिंग दोन मिनिटांच्या आत आलं. गेम बनवणाऱ्या रॉकस्टारने चूक मान्य केली, पॅच दिला आणि त्याला दहा हजार डॉलर बक्षीसही दिलं. यात नवं कार्ड कुठे लागलं? उलट 'डूम इटर्नल' (२०२०) बघा. दिसायला देखणा, आणि तरी मधल्या कार्डांवर लोण्यासारखा पळतो.

आणि मधल्या कार्डांवर खेळणारे मूठभर नाहीत. स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानाच्या सर्वेक्षणात आधी जीटीएक्स १०६०, मग १६५०, मग आरटीएक्स ३०६०, अशी हीच कार्डं वर्षानुवर्षं वर राहिली आहेत. आमच्या नागपूरच्या बर्डीत, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारात, दुकानोदुकानी भाव विचारत फिरणारी कॉलेजची पोरं हेच घेतात, तेही घरच्यांना वर्षभर मनवून. त्यांना 'कार्ड बदला' म्हणणं मला जमत नाही.

वर आपला नागपूरचा मे महिना. बाहेर ४५ अंश, खोलीत कूलर लावूनही हवा गरमच. अशा वेळी लॅपटॉप तापला की स्वतःचा वेग उतरवतो. मेन्यूसारख्या साध्या स्क्रीनवरही फ्रेमला मर्यादा न घालणारे गेम जीपीयूला, म्हणजे ग्राफिक्सच्या चिपला, विनाकारण राबवतात. तेवढी मर्यादा घालायला कितीसं काम लागतं?

तुमच्या मशीनवर गेम खरंच गुळगुळीत चालत असेल, तर मला ते बघायला आवडेल. फ्रेमचा वेळ मोजणारं कॅपफ्रेमएक्स फुकट मिळतं. नव्या भागात पहिल्यांदा शिरतानाचा फ्रेमटाइमचा, म्हणजे प्रत्येक फ्रेमला लागलेल्या वेळेचा, आलेख पाठवा, सोबत प्रोसेसर कोणता तेही लिहा. मी तो मूळ लेखात, माझ्या आलेखाशेजारी लावतो.