खुलासा: मार्करने काळं केलं म्हणजे माहिती पुसली गेली असं नाही

‘ओळखपत्राचा फोटो पाठवताना नंबरावर फोनमधला काळा मार्कर फिरवा, मग तो कुणालाच वाचता येत नाही,’ असा सल्ला सध्या फिरतोय. तो अर्धवट आहे, म्हणूनच धोक्याचा.

फोनमधला हा मार्कर अनेकदा हायलायटरसारखा अर्धपारदर्शक असतो. तीन-चार वेळा फिरवला की डोळ्यांना काळं दिसतं, पण ब्राइटनेस आणि एक्स्पोजर वाढवलं की खालचे आकडे वर येतात. ब्लरवरही विसंबू नका. आकडे दहाच असतात; प्रत्येक आकडा तसाच धूसर करून जुळवून पाहणं अवघड नाही.

पीडीएफमध्ये तर गंमतच. वर काळा चौकोन ठेवला तरी मजकूर खाली जसाच्या तसा राहतो. सगळं सिलेक्ट करून नोटपॅडमध्ये पेस्ट करा, झाकलेला नंबर समोर येईल. पाठवण्याआधी ही चाचणी स्वतःच करून बघा.

क्रॉपचंही तेच. गूगल पिक्सेल फोनमध्ये कापलेल्या स्क्रीनशॉटचा उरलेला भाग फाइलमध्येच राहत होता. दुरुस्ती मार्च 2023 मध्ये आली, पण आधी पाठवलेली चित्रं तशीच आहेत.

योग्य पद्धत: नंबरावर गडद रंगाने भरलेला, पूर्ण अपारदर्शक चौकोन टाका. मग त्या चित्राचा नवा स्क्रीनशॉट काढा आणि तोच पाठवा. मूळ फोटोतलं लोकेशनही त्यात येत नाही. पीडीएफसाठी रिडॅक्ट, म्हणजे मजकूर फाइलमधून कायमचा काढणारी सुविधा वापरा. आणि क्यूआर कोड? तोही झाका, नंबर लपवून कोड उघडा ठेवणारे बरेच दिसतात.